उकळतं पातेलं, तीन बादल्या आणि एक तांब्याची नळी

चहा फार गरम असला की तुमच्या घरात काय होतं? आजोबा तो बशीत ओततात. आई दोन कपांत वर-खाली करते. लहान मुलाचं दूध असेल तर पेला पाण्याच्या वाटीत ठेवला जातो. आणि तुम्ही बंगळुरूकडचे असाल तर डवरा-टंबलरमधून हातभर लांब धार काढून कॉफी प्यायच्या मापाची केली जाते.

गंमत म्हणजे, बिअर बनवणाऱ्या लोकांनी गेल्या दोनशे वर्षांत जी काही महागडी यंत्रं शोधली, ती या चार युक्त्यांचीच मोठी भावंडं आहेत. वीस लिटर उकळतं पातेलं अर्ध्या-पाऊण तासात कोमटाच्याही खाली आणायचं, तेही घरी बनवलेल्या साधनाने, हा जगभरातल्या हौशी मंडळींचा आवडता खटाटोप आहे. त्यांच्या या जुगाडातून आपल्या स्वयंपाकघरालाही बरंच शिकता येतं. विशेषतः तुमच्याकडे पाणी टँकरने येत असेल, तर नक्कीच!

आधी एक महत्त्वाची गोष्ट

भारतात घरी बिअर बनवणं हा छंद म्हणून चालत नाही. कर्नाटकात १९६५ चा अबकारी कायदा आहे, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणं दोन्हीकडे गुन्हा आहे. त्यामुळे हा लेख बिअरची पाककृती देत नाही.

परदेशात राहणाऱ्या वाचकांची गोष्ट वेगळी. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरसाठी परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्यापुरती बिअर करमुक्त झाली. एका घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५० लिटरपर्यंत. पण विकायची नाही. तरीही राज्यांचे नियम वेगळे होतेच. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी परवानगी दिली ती थेट २०१३ मध्ये. तेव्हा तिकडे असाल तर तुमच्या राज्याचा नियम आधी बघा.

बाकी सगळ्यांसाठी यातलं विज्ञान खुलं आहे, आणि ते दुधापासून डाळीपर्यंत सगळीकडे लागू पडतं.

वर्ट म्हणजे काय, आणि त्याला एवढी घाई का?

नाचणीचं सत्त्व करताना आपण काय करतो? धान्य भिजवतो, मोड आणतो, वाळवतो. बार्लीचं हेच केलं की त्याला माल्ट म्हणतात. हे माल्ट भरडून गरम पाण्यात ठेवलं की धान्यातल्या पिठाची साखर होते. गाळून जे गोड पाणी मिळतं, ते वर्ट. ते तासभर उकळतात, त्यात हॉप्स नावाची कडवट फुलं घालतात. मग ते थंड करून त्यात यीस्ट घालतात.

थंडच का? उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागत नाही, हे तुम्हाला कोणी सांगायला नको. विरजणातले जीव मरतात. यीस्टचंही तसंच. दह्याला दूध कोमट, म्हणजे ४० ते ४५ अंश चालतं. बहुतेक एल प्रकारच्या यीस्टला मात्र १८ ते २२ अंश लागतात, आणि लागर प्रकाराला त्याहूनही गार.

मग पातेलं रात्रभर झाकून ठेवलं तर? तीन अडचणी येतात.

पहिली, वर्ट गोड आणि पौष्टिक असतं. ६० अंशांच्या खाली आलं की नको असलेले जिवाणूही त्यावर ताव मारायला येतात. जितका वेळ ते कोमट राहील, तितकी त्यांची चंगळ.

दुसरी, गरम माल्टमधून एक गंधकयुक्त द्रव्य तयार होत राहतं. उकळताना ते वाफेबरोबर निघून जातं. पण आच बंद करून झाकण ठेवलं की आतच साठतं आणि उकडलेल्या कोबीसारखा किंवा मक्यासारखा वास येतो.

तिसरी, वर्ट झपाट्याने थंड झालं की त्यातली काही प्रथिनं गुठळ्या होऊन तळाशी बसतात आणि पेय नितळ होतं. सावकाश थंड झालं की हा गाळ नीट बसत नाही.

परातीपासून प्लेटपर्यंत

जुन्या युरोपात वर्ट थंड करायला मोठमोठ्या उथळ, उघड्या टाक्या असायच्या. त्यांना कूलशिप म्हणत. आपल्या भाषेत सांगायचं तर खोलीएवढी परात! बशीतल्या चहाचं तत्त्व तेच: पसरवा, म्हणजे हवा लागेल. बेल्जियममधले काही जुने कारखाने आजही अशी परात वापरतात, कारण हवेतले रानटी यीस्ट त्यात पडावेत अशीच त्यांची इच्छा असते. बाकीच्यांना मात्र हवेतून काय पडेल याची धास्ती होती. लुई पाश्चरने १८७६ मध्ये बिअरवर आख्खं पुस्तक लिहिलं, ते बिअर कशाने नासते हे शोधताना.

मग बोदेलो या फ्रेंच माणसाच्या नावाने ओळखला जाणारा कूलर आला. आडव्या नळ्यांची शिडी, नळ्यांच्या आतून थंड पाणी आणि बाहेरून पातळ पडद्यासारखं ओघळणारं गरम वर्ट. पुढे दुग्धव्यवसायाने हेच यंत्र दूध थंड करायला उचललं.

आणि तुमच्या घरातला फ्रिज? त्याच्या इतिहासातही बिअर आहे. कार्ल फॉन लिंडे या जर्मन अभियंत्याने १८७३ मध्ये आपलं सुरुवातीचं शीतकरण यंत्र म्युनिकच्या श्पाटन ब्रुअरीत बसवलं.

भारतात इंग्रजांना हे यंत्र मिळण्याआधी एकच उपाय होता: थंड जागा शोधा. म्हणून एडवर्ड डायर यांची ब्रुअरी कसौलीच्या डोंगरात उभी राहिली. बंगळुरूची सौम्य हवाही याच कारणाने सोयीची. १९१५ मध्ये दक्षिणेतल्या काही ब्रुअरी एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज झाली, त्यात बंगळुरूचीही होती.

आजच्या छोट्या ब्रुअरींत, मग त्या बंगळुरूतल्या असोत की २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या डूलॅलीसारख्या, साधारणपणे प्लेट हीट एक्स्चेंजर असतो. पातळ स्टीलच्या प्लेटांची चळत. एका फटीतून गरम वर्ट, शेजारच्या फटीतून उलट्या दिशेने थंड पाणी. यातली शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. दुसऱ्या टोकाने बाहेर पडणारं ७०-८० अंशांचं पाणी ते फेकत नाहीत. टाकीत साठवतात आणि पुढच्या घाण्यासाठी वापरतात. उष्णता विकत घेतलेली असते, ती गटारात का सोडायची?

गोव्याची भाटी

आपल्या मुलखातलं याच्या जवळचं उदाहरण हवं असेल तर मार्च ते मे दरम्यान गोव्यात काजूच्या भाटीवर जा. बोंडूंचा रस आंबवून तांब्याच्या भांड्यात उकळतात. तिथे द्रव थंड करायचा नसतो, वाफ थंड करायची असते. जुन्या पद्धतीत ही वाफ नळीतून दुसऱ्या मडक्यात येते, ते मडकं पाण्यात ठेवलेलं असतं, आणि माणूस शेजारी बसून त्याच्यावर पाणी ओतत राहतो. पहिल्या वाफेची उर्राक, पुन्हा उकळली की फेणी.

आता बऱ्याच भाट्यांवर पाणी ओतणारा हात गेला आणि टाकीत बुडवलेली तांब्याची वेटोळी नळी आली. काम तेच, कष्ट कमी. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे अशा पिढीजात भाट्यांचं ज्ञान आहे. हौशी मंडळी घरी जी नळी बनवतात, ती याच नळीची चुलत बहीण.

घरगुती नळी: काय असतं त्यात?

एसी दुरुस्त करणारे वापरतात ती तीन अष्टमांश इंचाची मऊ तांब्याची नळी. वीस लिटरच्या पातेल्याला सात-आठ मीटर लागते. ती एखाद्या गोल डब्याभोवती गुंडाळून स्प्रिंगसारखं वेटोळं करायचं. दोन्ही टोकं पातेल्याच्या काठावरून बाहेर. एका टोकाला नळाचा पाइप, दुसऱ्याला बाहेर पडणारा पाइप. वेटोळं गरम द्रवात बुडवायचं आणि नळीतून थंड पाणी सोडायचं. बस्स! पाणी आणि वर्ट एकमेकांना शिवत नाहीत, फक्त उष्णता बदलते.

मूळ रचना इतकी सोपी आहे. खरी मजा तिच्यातल्या सुधारणांत आहे.

१. वाकवताना नळी चेपू नये म्हणून आधी बारीक कोरडं मीठ किंवा वाळू भरून टोकं बंद करा. वाकवून झालं की सगळं झटकून, भरपूर पाण्याने धुऊन काढा.

२. वेटोळी एकमेकांना चिकटू देऊ नका. मधे बोटभर फट हवी, म्हणजे द्रव सगळीकडून नळीला लागतो.

३. वेटोळं पातेल्याच्या वरच्या भागात टांगा. गरम द्रव वर येतो, थंड झालेला जड होऊन खाली जातो. वरचा थंड केला की पातेलं आपोआप फिरत राहतं.

४. जोड कायम पातेल्याच्या बाहेर ठेवा. क्लिप ढिली होऊन थेंब गळालाच तर तो जमिनीवर पडावा. नळाच्या कच्च्या पाण्याचा एक थेंबही आत नको.

५. ढवळा. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक सुधारणा. स्थिर द्रवात नळीभोवती थंड थर साचतो आणि तो पांघरुणासारखा काम करतो. स्वच्छ डावाने तो मोडत राहिलं की वेळ चांगलाच वाचतो.

६. शेवटची दहा-पंधरा मिनिटं नळी उकळत्या पातेल्यातच ठेवा. म्हणजे ती वेगळी निर्जंतुक करावी लागत नाही.

आता पाण्याचा हिशेब

इथे देवनहळ्ळीकडे वळू. विमानतळ २००८ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून वस्ती झपाट्याने वाढली. पण पाणी बोअरचं आणि टँकरचं. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुणं, बागेला पाणी घालणं यावर बंदी घालून ५,००० रुपये दंड लावला होता, हे इथे कोणी विसरलेलं नाही. अशा ठिकाणी नळ सोडून पाणी वाहू देणारं कुठलंही साधन नापासच.

मग किती पाणी लागतं? कागद-पेन्सिल घ्या, मुलांनाही बोलवा. शाळेतलं गणित आहे.

एक लिटर पाणी एका अंशाने थंड करायला एक किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. देवनहळ्ळी समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० ऐवजी साधारण ९७ अंशांना उकळतं. वीस लिटर ९७ वरून २२ वर आणायचे म्हणजे ७५ गुणिले २०, एकूण १,५०० किलोकॅलरी.

सगळं बर्फावर केलं तर? एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी घेतो, वितळलेलं पाणी २० अंशांपर्यंत येताना आणखी २०. म्हणजे १५ किलो बर्फ! कुठल्याही घरच्या फ्रीजरला हे जमणारं नाही.

आता टप्पे पाडून बघा. टाकीतलं पाणी २७ अंशांचं आहे असं धरू.

पहिली बादली: २० लिटर पाणी आणि २० लिटर वर्ट मधोमध भेटतात. ९७ आणि २७ चा मध्य ६२.

दुसरी बादली: ६२ आणि २७ चा मध्य साधारण ४५.

तिसरी बादली: ४५ आणि २७ चा मध्य ३६.

बघितलंत? पहिल्या बादलीने ३५ अंश उतरवले, दुसरीने १७, तिसरीने जेमतेम ९. चौथी साडेचार उतरवेल. जसजसं पातेलं पाण्याच्या जवळ येतं, तसतसं पाणी वाया जायला लागतं. म्हणून तीन बादल्यांनंतर नळ बंद करायचा आणि मगच बर्फाला हात लावायचा. ३६ वरून २२ वर यायला २८० किलोकॅलरी. थोडी गळती धरून साडेतीन-चार किलो बर्फ पुरतो. १५ किलोचं काम चार किलोत!

प्रत्यक्षात पातेलं हवेलाही उष्णता देतं, धार मंद-जलद असते, त्यामुळे आकडे दोन-चार अंशांनी इकडे-तिकडे होतील. पण हिशेबाची चाल हीच.

तीन बादल्यांचं काय करायचं?

ब्रुअरीची शहाणी सवय आठवा. बाहेर पडणारं पाणी बादल्यांत धरायचं. ते नळीच्या आतून आलंय, त्यात काही मिसळलेलं नाही.

पहिली, ६० अंशांच्या आसपासची बादली तेलकट भांड्यांना. दुसरी, ४५ अंशांची, कपड्यांना किंवा थोडं थंड पाणी मिसळून अंघोळीला. तिसरी फरशीला, किंवा संध्याकाळी गार झाली की कुंड्यांना. एकही लिटर मोरीत गेला नाही, आणि गीझरही तेवढा वेळ बंद राहिला.

शेवटच्या बर्फाच्या टप्प्याला एक छान सुधारणा आहे. एअर कूलरमधला छोटा पंप बर्फाच्या पाण्याच्या बादलीत ठेवायचा, नळीचं बाहेरचं टोकही त्याच बादलीत सोडायचं. पाणी गोल गोल फिरत राहतं, नव्याने लागत नाही. पण हा पंप फक्त याच टप्प्यात वापरा. पहिल्या बादलीच्या गरम पाण्यासाठी तो बनलेला नसतो. प्लग कोरड्या जागी आणि उंचावर हवा, आणि पंप चालू असताना बादलीत हात नको.

वेळ कोणती निवडावी? भल्या सकाळची. जमिनीखालचं पाणी वर्षभर फारसं बदलत नाही, पण गच्चीवरची काळी टाकी दुपारी तापते. पाच अंश थंड पाणी मिळालं तर एक अख्खी बादली वाचू शकते.

ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी तर पाण्याला पूर्ण फाटा दिला. ते उकळतं वर्ट जाड, उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात भरून हवाबंद करतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच निवू देतात. पाणी शून्य! पण हे दूध, डाळ, भाजी यांना अजिबात लावू नका. हवाबंद, कोमट आणि आंबटपणा नसलेलं अन्न हे घातक जिवाणूंचं माहेरघर असतं.

तुमच्या स्वयंपाकघरात काय उपयोगाचं?

दहा माणसांची डाळ उरली, श्रीखंडासाठी आठ लिटर दूध तापवलं, सत्यनारायणाच्या दिवशीची खीर जास्त झाली. पातेलं ओट्यावर झाकून रात्रभर ठेवायची सवय कितीतरी घरांत आहे. अमेरिकेतल्या हॉटेलांच्या अन्नसुरक्षा नियमात काय म्हटलंय बघा: शिजलेलं अन्न ५७ वरून २१ अंशांवर दोन तासांत यायला हवं, आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत. ओट्यावरचं मोठं पातेलं या परीक्षेत सहज नापास होतं. भाताच्या बाबतीत तर जास्तच सावध राहा. त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि कोमट भातात ते जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.

डाळ-खिरीसारख्या दाट पदार्थांत नळी घालू नका, ती धुणं अवघड जाईल. त्याऐवजी हे करा:

• पातेलं पाणी भरलेल्या मोठ्या परातीत किंवा घमेल्यात ठेवा आणि ढवळत राहा. पाणी गरम झालं की एकदा बदला. बर्फ घालायचा तो त्यानंतर.

• पदार्थ दोन-तीन उथळ भांड्यांत वाटून ठेवा. चार बोटांपेक्षा जास्त खोली नको.

• स्टीलच्या बाटलीत तीन-चतुर्थांश पाणी भरून ती गोठवा. बाहेरून स्वच्छ धुऊन सरळ पातेल्यात फिरवा. बर्फाचं पाणी पदार्थात मिसळत नाही.

• वाफ बसेपर्यंत झाकण पूर्ण लावू नका, जाळी ठेवा.

नळी वापरायचीच असेल तर सरबताचा पाक, उकळलेलं पिण्याचं पाणी अशा पातळ गोष्टींसाठी वापरा. एक पथ्य मात्र पाळा. कोकम, चिंच, लिंबू, ताक यांना तांब्याचा स्पर्श नको. आजीच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई का असायची? आंबट पदार्थात तांबं उतरतं म्हणून. वर्ट सौम्य आंबट असतं आणि नळी त्यात थोडाच वेळ राहते, म्हणून तिथे चालतं. आंबट पदार्थांना स्टीलची नळी घ्या.

आणि सगळ्यात शेवटचं, पण सगळ्यात आधी पाळायचं: वीस लिटर उकळतं पातेलं कधीही उचलून हलवू नका. ते जिथे आहे तिथेच थंड करता यावं, यासाठीच ही नळी आहे. पाणी सोडल्यावर पहिल्या काही सेकंदांत बाहेरच्या टोकातून वाफ आणि कढत पाणी उसळतं, तेव्हा पाइप बादलीला घट्ट बांधलेला असू द्या आणि लहान मुलांना चार हात लांब ठेवा. गणित त्यांनी करावं, बादल्या मोठ्यांनी उचलाव्यात!